काढू का ठेवू? रिटायरमेंटच्या पैशांची एक पूर्ण केस

२८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. त्या दिवशी सेन्सेक्स १,४०० अंकांनी आपटला, निफ्टी २२,१२४ वर बंद झाला, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास काकांचा फोन आला. "अरे, सगळं काढून टाकू का ठेवू? तेवढं सांग, बाकी मला काही नको."

मी नाशिकला टॅक्सचं काम करतो, म्हणजे रिटर्न, जीएसटी, छोट्या दुकानदारांची खाती वगैरे. शेअर किंवा फंडाचा सल्ला द्यायला सेबीचं (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन लागतं, ते माझ्याकडे नाही, म्हणून कुणी विचारलं की मी सरळ नाही म्हणतो. पण हे काका म्हणजे आमच्या वडिलांचे सातपूर एमआयडीसीतले जोडीदार, दोघांनी एकाच शिफ्टला वर्षानुवर्षं काम केलेलं, वडील गेले तेव्हा सगळ्यात आधी घरी पोचलेला माणूस. त्यांना "मला माहीत नाही" म्हणून फोन ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "काका, रविवारी सकाळी येतो, तोपर्यंत काहीच करू नका, विकू नका आणि नवीन घेऊ पण नका."

ही केस लिहायला काकांनीच सांगितलं. नाव नको, आकडे जे आहेत ते टाक, कुणाला तरी उपयोग होईल म्हणाले. म्हणून लिहितोय.

आधी बॅकग्राउंड. काका ३१ मे २०२४ ला ५८ पूर्ण होऊन रिटायर झाले. पीएफचे साधारण ३३ लाख जूनच्या २० तारखेला आले, ग्रॅच्युइटीचे ९ लाख जुलैत, म्हणजे हातात एकूण ४२ लाख. घर सिडकोत स्वतःचं, कर्ज नाही. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन महिन्याला साडेचार हजार (ज्यांनी आयुष्यभर खासगी कंपनीत काढलं त्यांना हा आकडा ऐकून आश्चर्य वाटणार नाही). घरखर्च महिन्याला २८ हजार. म्हणजे दर महिन्याला साडेतेवीस हजार कमी पडतात, ते या ४२ लाखांतूनच यायला हवेत. मुलगी नोकरीला आहे, तिचं लग्न जमत आलेलं, त्याला ९ लाख लागतील असा काकूंचा अंदाज.

आता जुलै २०२४ मधलं वातावरण आठवा. ४ जूनला निकालाच्या दिवशी निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडला होता आणि महिन्याभरात तो खड्डा भरून नवीन उंचीवर गेला होता, त्यामुळे "पडलं की घ्या, परत वर जातंच" हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सोसायटीच्या कट्ट्यावर, लग्नात, सलूनमध्ये तोच विषय. डिफेन्स, रेल्वे, सरकारी कंपन्या, कोण किती पट झालं. आणि अशा वेळी काकांच्या बचत खात्यात ४२ लाख पडून, म्हणजे बँकेच्या स्क्रीनवर ते दिसणारच. ऑगस्टमध्ये बँकेतून रिलेशनशिप मॅनेजरचा फोन आला, मग तो मुलगा घरी आला, चहा घेतला, काकूंच्या पाया पडला. वागायला चांगलाच होता, हे काका आजही सांगतात.

काकांच्या डोक्यात तेव्हा पोस्टाची सीनियर सिटीझन स्कीम होती. ती स्कीम ६० च्या वरच्यांची, पण ५५ ते ६० मधल्या रिटायर झालेल्या माणसालाही रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यात टाकता येतात (आधी ही मुदत एक महिन्याची होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये तीन महिने केली). मर्यादा ३० लाख, व्याज तेव्हा ८.२ टक्के, दर तिमाहीला खात्यात. पोस्टाच्या एजंट ताईंनी काकांना फॉर्म पण आणून दिला होता. त्या मुलाने विचारलं, "सर, ८ टक्क्यांत काय होणार? महागाईच ६ टक्के आहे. आपल्या स्मॉलकॅप फंडाने मागच्या तीन वर्षांत बघा किती दिलंय." आणि मोबाईलवर आलेख दाखवला. आलेख खोटा नव्हता. तीन वर्षं ज्या दिवसापासून मोजली तो दिवस नेमका सोयीचा होता, एवढंच, पण हे ३४ वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला चहा पिता पिता कसं कळावं?

शेवटी पैसे असे गेले. स्मॉलकॅप फंडात, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, एकरकमी १२ लाख. सप्टेंबरमध्ये एका थीमचा (एकाच क्षेत्रात पैसे लावणारा) नवीन फंड, म्हणजे एनएफओ आला, त्यात ८ लाख, कारण "१० रुपयाला युनिट मिळतंय". फ्लेक्सीकॅपमध्ये (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड) ५ लाख. बँकेत एक वर्षाची एफडी ८ लाख. पुतण्याने टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये जोडलं होतं, तिथल्या टिपांवर ११ कंपन्यांचे शेअर ६ लाखांचे, त्यात एक एसएमईचा, म्हणजे अगदी छोट्या उद्योगांसाठीच्या वेगळ्या बाजारातला. बचत खात्यात ३ लाख. झाले ४२. पोस्टाचा फॉर्म कपाटातच राहिला आणि २० सप्टेंबरला पीएफच्या पैशांची तीन महिन्यांची मुदत उलटली. ग्रॅच्युइटीची ऑक्टोबरमध्ये.

२७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक केला. तिथून उतार लागला. ऑक्टोबरमध्ये परदेशी संस्थांनी ९४ हजार कोटींच्या आसपास शेअर विकले, कंपन्यांचे तिमाही निकाल मिळमिळीत आले, भाव आधीच फुगलेले होते, मग डॉलर वर गेला, मग ट्रम्प यांच्या टॅरिफची भाषा सुरू झाली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग पाच महिने निफ्टी पडत गेला, असं याआधी १९९६ मध्ये झालं होतं. आणि निफ्टी १६ टक्के खाली म्हणजे स्मॉलकॅप २५ टक्के खाली, छोट्या शेअर्सचं तर विचारूच नका.

रविवारी २ मार्चला गेलो. काकांनी हिशोबाची एक दोनशे पानी वही केलेली, त्यात रोजच्या रोज पोर्टफोलिओचा आकडा तारखेसकट निळ्या पेनने लिहिलेला, आणि ज्या दिवशी आकडा कमी झाला तिथे लाल टिंब. ऑक्टोबरपासून पुढची पानं मी उलटत गेलो, लाल टिंबच टिंबं. शेवटच्या दोन पानांवर अक्षर बदललेलं होतं. जिथे आधी रकमेतले सगळे शून्य नीट काढलेले असायचे तिथे नुसतं "२३.०९" लिहून खाली रेघ ओढलेली. काकू आतून म्हणाल्या, "रात्री दोन-दोनला उठून मोबाईल बघतात, आता तूच सांग त्यांना."

२८ तारखेचे आकडे असे होते. स्मॉलकॅप १२ चे ९.२४ लाख, थीम फंड ८ चे ६, फ्लेक्सीकॅप ५ चे सव्वाचार, शेअर ६ चे ३.६०. एकूण ३१ लाखांचे २३ लाख ९ हजार. म्हणजे ७ लाख ९१ हजार कागदावर गेलेले.

मी आधी एक साधा हिशोब मांडला, बाजाराबद्दल एक शब्द न बोलता. महिन्याला किती लागतात, कुठून येतात, सप्टेंबरपासून खात्यातून किती गेले. साडेतेवीस हजार गुणिले सहा महिने, १ लाख ४१ हजार. जानेवारीत साखरपुडा झाला त्याचे ५९ हजार. तीन लाखांतून दोन गेले, खात्यात एक लाख हवेत. पासबुकात ६२ हजार होते.

"काका, हे ३८ हजार कुठे गेले?"

काकांनी काकूंच्या दिशेने पाहिलं आणि मग माझ्याकडे. काकू स्वयंपाकघरात होत्या. काकांनी हळूच सांगितलं की ग्रुपवर जानेवारीत "रिकव्हरी प्लॅन" आला होता, ज्यांचं नुकसान झालंय त्यांच्यासाठी खास, फी ८ हजार, यूपीआयने कुठल्याशा माणसाच्या खात्यात. ग्रुपवाल्यांनी रोज सकाळी निफ्टीचे ऑप्शन (ठरावीक तारखेपर्यंत भाव कुठे जाईल यावरचे सौदे) सांगायचे. आठ दिवसांत ३० हजार गेले, मग काका घाबरून थांबले. ब्रोकरचं स्टेटमेंट मी मोबाईलवर उघडून बघितलं, सगळे गुरुवारचे, एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या दिवशीचे सौदे.

इथे मी थोडा वेळ गप्प बसलो, खरं सांगतो, कारण बाकी सगळ्या नुकसानीपेक्षा हे ३८ हजार मला जास्त लागले. फंडात गेलेले आठ लाख भाव उतरल्यामुळे होते, उद्या भरूनही निघाले असते. पण हे ३८ हजार म्हणजे ३४ वर्षं एक पैशाचा जुगार न खेळलेला माणूस रात्री दोन वाजता भीतीपोटी कुठे जाऊन पोचला होता त्याचा पुरावा होता. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्येच आकडे दिले होते, तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या १०० पैकी ९३ साध्या माणसांचं नुकसान झालं, सगळ्यांचं मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. काकांना हे मी नंतर दाखवलं, त्या दिवशी नाही. त्या दिवशी एवढंच म्हणालो की काकूंना आज तुम्ही स्वतः सांगा, मी समोर आहे तोवर. त्यांनी सांगितलं. काकू रागावल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं काहीतरी लपवताय."

आता मूळ प्रश्न, काढू का ठेवू. काकांनी हा प्रश्न तोवर पाच जणांना विचारला होता आणि पाच उत्तरं आली होती. बँकेतला मुलगा (तो बदली होऊन गेलेला, जागी दुसरा आलेला) म्हणाला लाँग टर्म आहे सर, ठेवा, उलट अजून टाका. पुतण्या म्हणाला काढा, मार्केट अजून पडणार. टेलिग्रामवाले म्हणाले शेअर बदला, हे विका ते घ्या. जुने सहकारी म्हणाले आधीच सांगितलं होतं पोस्टात टाका. टीव्हीवर दर तासाला वेगळं. यातल्या कुणीही काकांना हे विचारलं नाही की मेमध्ये लग्नाला पैसे कुठून आणणार, आणि जूनचा किराणा कुठून. मला राग कशाचा येतो तर याचा. बाजार पुढच्या महिन्यात कुठे असेल हे कुणालाच सांगता येत नाही, पण मे महिन्यात लग्न आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

मी लाल पेन बाजूला ठेवलं आणि वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहिल्या. मे २०२५, लग्न, ९ लाख. दर महिना साडेतेवीस हजार. मे २०२६, काकांना ६० पूर्ण, म्हणजे सीनियर सिटीझन स्कीमचा दरवाजा परत उघडणार. आणि समोर हातात असलेले पक्के पैसे, एफडी ८ लाख आणि ६२ हजार. लग्न झालं की शून्य, उलट ३८ हजार कमी. त्यानंतर महिन्याचा खर्च भागवायला दर महिन्याला फंड विकावे लागणार, मग भाव काहीही असो. काका बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. "म्हणजे मी ठेवू म्हटलं तरी मला ठेवता येणार नाही," असं म्हणाले. बरोब्बर तेच.

हे पैसे पोस्टात गेले असते तर काय, हे पण मी मांडून दाखवलं, दुखावायला नाही तर पुढच्या वेळी आकडा समोर असावा म्हणून. ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. पेन्शन धरून २५. फक्त तीन हजार कमी पडले असते, आणि १२ लाख लग्नाला आणि शेअर बाजाराला मोकळे राहिले असते.

पुढचं काम माझं नव्हतं. कुठला फंड काढायचा, कुठला ठेवायचा हे सांगायला मी एक सल्लागार शोधून दिल्या, पुण्याच्या, सेबीकडे रजिस्टर्ड. हे कसं तपासायचं ते इथे लिहून ठेवतो कारण खूप जण विचारतात. सेबीच्या साइटवर इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझरची यादी आहे, नंबर "आयएनए" ने सुरू होतो. रिसर्च ॲनालिस्टचा नंबर "आयएनएच" ने, तो माणूस शेअरबद्दल मत देऊ शकतो पण तुमचं पूर्ण प्लॅनिंग बघणं हे त्याचं काम नाही. आणि फंड विकणाऱ्याकडे एआरएन नंबर असतो, तो डिस्ट्रिब्युटर, त्याला कमिशन फंड कंपनी देते. तिघंही कायदेशीर आहेत, चांगले लोक तिघांतही आहेत, पण पैसे कोणाकडून मिळतात ते वेगळं आहे, आणि आपण ज्याच्यासमोर बसलोय तो यातला कोण, हे आधी विचारायला लाजू नये. टेलिग्रामवाल्याकडे तिन्हीपैकी एकही नंबर नव्हता.

मॅडमची फी १२ हजार, एका वेळची. काका बिथरले. "नुसतं सांगायचे १२ हजार? बँकेतल्या पोराने तर फुकट सांगितलं होतं." मग मी त्यांना त्यांच्या फंडाचा खर्च दाखवला, रेग्युलर प्लॅन आणि डायरेक्ट प्लॅन शेजारी-शेजारी. २०१३ पासून प्रत्येक फंडाचा डायरेक्ट प्लॅन असतो, त्यात कमिशन नसतं. त्यांच्या फंडांत फरक वर्षाला एक टक्क्याच्या आसपास होता, २५ लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला २५ हजार, दर वर्षी, न सांगता एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या भावातून कापले जाणारे. काकांनी फी दिली.

५ मार्चला व्हिडिओ कॉल झाला, दीड तास. मॅडमनी पहिले वीस मिनिटं फंडांबद्दल काही विचारलंच नाही. तब्येत कशी, कंपनीचा मेडिक्लेम रिटायर झाल्यावर बंद झाला का (झाला होता, आणि नवीन घेतलेलाच नव्हता), मुलगी पैसे देते का, घर कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण. मग रिस्क प्रोफाइलचा, म्हणजे किती जोखीम झेपेल ते सांगणारा बँकेचा फॉर्म मागितला. त्यात काकांच्या नावापुढे "अग्रेसिव्ह", म्हणजे जास्त जोखीम घेणारा, असं लिहिलेलं. काकांनी तो फॉर्म कधी वाचलाच नव्हता, त्या मुलाने त्याच्या टॅबवर भरला आणि काकांनी मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला. आमच्याकडे लोक एटीएमचा पिन पोटच्या पोराला सांगत नाहीत, पण समोर गोड बोलणारा माणूस बसलेला असला की ओटीपी वाचून दाखवतात. तो ओटीपी म्हणजे तुमची सही आहे.

जे ठरलं ते असं. थीम फंड पूर्ण काढायचा, ६ लाख. कारण एकाच क्षेत्राचा फंड रिटायर माणसाच्या पैशात एवढा मोठा नसावा, आणि त्याचा एक्झिट लोडचा (लवकर काढलं तर कापला जाणारा चार्ज) काळ संपलेला होता. शेअरमधले चार मोठ्या कंपन्यांचे ठेवायचे, एसएमईचा सोडून बाकी सहा विकायचे, त्यांचे १ लाख ३० हजार आले, २ लाख ६० हजारांचे घेतलेले. फ्लेक्सीकॅपला हात लावायचा नाही. स्मॉलकॅपला आत्ता हात लावायचा नाही, एक वर्षाच्या आत काढलं तर एक टक्का एक्झिट लोड, आणि त्याच्या पैशाची आत्ता गरज पण नाही, सप्टेंबरमध्ये वर्ष झालं की त्यातला मोठा हिस्सा कमी करायचा, बाजार वर असो की खाली. हे "वर असो की खाली" मॅडमनी काकांकडून लिहून घेतलं, त्याच वहीत.

एसएमईचा शेअर ही वेगळीच कहाणी. एसएमईमध्ये एक-दोन शेअर विकता येत नाहीत, अख्खा लॉटच विकावा लागतो. काकांनी १ लाख २० हजारांचा लॉट घेतला होता, त्याचे ५० हजार राहिलेले. सकाळी सव्वानऊला ऑर्डर टाकली, लोअर सर्किट, म्हणजे भाव त्या दिवशीच्या खालच्या मर्यादेला अडकलेला. स्क्रीनवर विकणाऱ्यांच्या बाजूला लांबलचक आकडा आणि घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. दुसऱ्या दिवशी तेच. काका म्हणाले, "भाव दिसतोय तर मग पैसे का मिळत नाहीत?" हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, कारण पोर्टफोलिओत दिसणारी किंमत ही कुणीतरी घ्यायला उभं असलं तरच किंमत असते. (स्मॉलकॅप फंडांना पण हेच लागू, म्हणूनच मार्च २०२४ पासून फंड कंपन्यांना दर महिन्याला जाहीर करावं लागतं की २५ आणि ५० टक्के पोर्टफोलिओ विकायला किती दिवस लागतील.) तिसऱ्या दिवशी एकदाचा लॉट गेला, ४६ हजाराला.

टॅक्सचं काम माझं, ते मी मार्च संपायच्या आत बसवलं. थीम फंडात २ लाख, शेअरमध्ये २ लाख ४ हजार, असा ४ लाख ४ हजारांचा शॉर्ट टर्म लॉस, म्हणजे वर्षाच्या आत विकून झालेला तोटा. वेळेत रिटर्न भरला तर हा लॉस आठ वर्षं पुढे ओढता येतो आणि पुढच्या नफ्यातून वजा होतो. २३ जुलै २०२४ पासून शॉर्ट टर्मवर २० टक्के आणि सव्वा लाखाच्या वरच्या लाँग टर्मवर साडेबारा टक्के टॅक्स झालाय, त्यामुळे हा लॉस म्हणजे काही फुकट गेलेला कागद नाही. ऑप्शनचे ३० हजार मात्र बिझनेस लॉस धरले जातात, म्हणजे काकांना आयटीआर-३ लागणार. आठ दिवसांच्या चुकीसाठी धंदेवाल्याचा रिटर्न. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

लग्नाचा आकडा ९ वरून ७ वर कसा आला ते काकूंचं श्रेय. त्यांनी स्वतःच्या जुन्या पाटल्या आणि एक गोफ मोडून मुलीचे दागिने केले. सोनं तेव्हा रोज नवीन भाव करत होतं, एप्रिलमध्ये तोळ्याला लाखाच्या घरात गेलं. लग्न मेमध्ये नीट पार पडलं, एफडीतून ७ लाख गेले.

हिशोब लावला तर उरलेले एफडीचे एक लाख, थीम फंडाचे ६, शेअरचे पावणेदोन, खात्यातले ६२ हजार, त्यातून मेडिक्लेमचा ४८ हजारांचा हप्ता आणि मॅडमची फी वजा, म्हणजे पावणेनऊ लाखांच्या आसपास हातात. मे २०२६ पर्यंत पंधरा महिन्यांचा खर्च साडेतीन लाख बाजूला, आणि वर सव्वापाच लाख. सगळं लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, हवे तेव्हा पैसे काढता येणारा फंड) आणि छोट्या-छोट्या एफड्यांत.

आता मधली एक तारीख. ७ एप्रिल २०२५, सोमवार. ट्रम्प यांनी २ तारखेला टॅरिफ जाहीर केले होते, जगभरचे बाजार कोसळले, सकाळी आपला निफ्टी पाच टक्क्यांच्या आसपास खाली, २१,७४३ पर्यंत. मी फोनची वाट बघत होतो. आला नाही. दुपारी मीच केला. काका दळण आणायला गेले होते. संध्याकाळी त्यांनी उलट फोन केला, म्हणाले, "बघितलं मी. पण मे २०२६ पर्यंतचं घरात आहे ना, मग मी आज काय करू?" बाजार त्या दिवशी २२,१६१ वर बंद झाला.

इथे केस संपवली असती तर छान वाटलं असतं. पण जूनमध्ये काका परत आले, या वेळी चिडलेले. एप्रिलच्या खड्ड्यातून बाजार जोरात वर आला होता, जूनच्या शेवटी निफ्टी साडेपंचवीस हजारांवर, आणि आम्ही मार्चमध्ये विकलेला थीम फंड तर सुसाट. त्यांनी कॅल्क्युलेटर मांडून दाखवलं, ठेवला असता तर ६ चे ७ लाख ४० हजार झाले असते. "तुमच्या मॅडमनी माझे १ लाख ४० हजार घालवले."

हे खोटं नव्हतं, म्हणून मी ते उडवून लावलं नाही. ठेवला असता तर तेवढे झालेच असते. मी त्यांना विचारलं, मार्चपासून जूनपर्यंतचा किराणा, लाइट बिल, मेडिक्लेम कशातून दिलं? त्याच ६ लाखांतून. ते फंडात असते तर ७ एप्रिलच्या आठवड्यातही आपण त्यातूनच विकत बसलो असतो. आणि बाजार वर येण्याऐवजी २००८ सारखा झाला असता तर? तेव्हा जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांच्या वर होता आणि ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली. मार्चमध्ये यातलं काय होणार ते मॅडमना माहीत नव्हतं, मला नव्हतं, टीव्हीवाल्यांना पण नव्हतं. काका पूर्ण पटून गेले असं मी म्हणणार नाही. त्यांना आजही ते १ लाख ४० हजार आठवतात, आणि मला वाटतं ते साहजिक आहे. माझं मत मात्र तेव्हा जे होतं तेच आज आहे, पुढच्या वर्षभराच्या जेवणाचे पैसे थीम फंडात नसतात.

एक गोष्ट लिहायची राहिली. जानेवारी २०२५ मध्ये देशभरात ५६ लाख नवीन एसआयपी (दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम टाकणं) सुरू झाल्या आणि ६१ लाखांहून जास्त बंद पडल्या किंवा संपल्या. त्यात काकांची मुलगी पण होती. ३ हजाराची एसआयपी, वय २६, लग्नानंतर घर घ्यायचंय पण सात-आठ वर्षांनी. बाबांची अवस्था बघून घाबरून तिने बंद केली. एकाच घरात, एकाच महिन्यात, एकाच बाजारात बापाने काढायला हवं होतं आणि मुलीने चालू ठेवायला हवं होतं. तिला मी एप्रिलमध्ये परत सुरू करायला मॅडमशी बोलून घ्यायला सांगितलं, तिने केली, या वेळी साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात.

सप्टेंबरमध्ये स्मॉलकॅपला वर्ष झालं. किंमत ११ लाख १० हजार, म्हणजे अजून ९० हजार कमीच. काकांना वाटत होतं की १२ होईपर्यंत थांबू, मुद्दल तरी निघू दे. मी काही बोललो नाही, वही उघडून ते पान समोर ठेवलं. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं वाचलं, चष्मा पुसला, आणि ५ लाख काढले, एक्झिट लोड न पडता. ते आता पोस्टासाठी बाजूला आहेत. आयटीआर-३ आम्ही १२ सप्टेंबरला भरला, मुदत तेव्हा १५ ची होती, त्याच्या तीन दिवस आधी, लॉस पुढे ओढला गेलाय.

टेलिग्रामचा ग्रुप त्यांनी सोडलाय. पुतण्याने सोडलेला नाही. चार मोठ्या कंपन्यांचे शेअर अजून आहेत, काका ते आठवड्यातून एकदा, शनिवारी बघतात. एजंट ताईंनी दिलेला तो जुना फॉर्म कपाटात होता तो मी मागच्या आठवड्यात बघितला, तारखेचा रकाना रिकामा आहे. ताई म्हणाल्या जुना चालणार नाही, मे महिन्यात नवीन आणून देते.